शिवडीचे फ्लेमिंगो: मागचा चिखल अखेर विरला

शिवडीच्या जेट्टीवरून चरणाऱ्या फ्लेमिंगोचा फोटो काढला की मागचा चिखल विरत नाही, स्पष्टच राहतो: गेल्या नोंदीत अडलेला हा प्रश्न सुटला. भरती चढते तसे पक्षी जेट्टीकडे सरकतात, फ्रेम भरते आणि नेमका तेव्हाच फोटो सपाट दिसतो. महागडी लेन्स लावूनही फरक पडत नाही. दोष उंचीचा आहे.

जेट्टीवर उभं राहिलं की कॅमेरा चिखलापासून साधारण ३ मीटर वर असतो. पक्षी ६० मीटरवर असताना खाली बघण्याचा कोन ३ अंश, २० मीटरवर आला की साडेआठ. आता ३० मीटरवरचा, मान खाली घातलेला लहान (लेसर) जातीचा फ्लेमिंगो घ्या. डोकं पाण्यापासून २० सेंटिमीटर वर धरलं, तर जेट्टीवरून डोक्यामागे दिसणारा चिखल पक्ष्याच्या जेमतेम २ मीटर मागे असतो. कॅमेरा १.२ मीटरवर आणला की तोच ६ मीटर मागे जातो. फुल फ्रेम कॅमेरा, ५०० मिमी लेन्स, एफ ६.३ छिद्र यांना इथे फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, सव्वा ते दीड मीटर. त्यामुळे २ मीटरवरची खेकड्यांची बिळं स्पष्ट ओळखू येतात, ६ मीटरवरची बरीच विरतात. याच १.२ मीटरवरून मान वर केलेल्या पक्ष्यामागे तर ९० मीटर मिळतात. मग उरतो नुसता मऊ राखाडी रंग. काय सुंदर दिसतो!

जेट्टीवर बसून, फिरता स्क्रीन उघडून मीटरभर उंची कमी होते. लेन्स टेकवायच्या बीन बॅगेत तांदूळच भरा, थर्माकोलच्या गोळ्यांवर लेन्स घसरते. पण खरी १.२ मीटर उंची ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवायला निघणाऱ्या बोटीत बसूनच मिळते. बोटीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. हातातच धरा, शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको.

नवी अडचण क्षितिजाची. ते नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं, त्यामुळे १.२ मीटरवरून मोठ्या (ग्रेटर) जातीच्या फ्लेमिंगोची मान नेमकी त्या रेषेने कापली जाते. शिवाय ऊन चढलं की चिखलालगतची हवा थरथरते आणि खालच्या कोनातून पिसांचा तपशील जातो.

दुपारी शिवडीला जायचा बेत होता, सूर्य पाठीशी येतो म्हणून. तो आता रद्द. सकाळची भरती बघून ऐरोलीची बोट धरायची आणि पश्चिमेकडे तोंड करायचं: सूर्य पाठीशी, हवा थंड आणि भांडुपकडच्या खारफुटीच्या गडद हिरव्या पट्ट्यात क्षितिजाची रेषाच लपते.