नोकरी करत इंजिनीअरिंगची डॉक्टरेट करायची तर काय काय लागतं

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत दहा-पंधरा वर्षं काढलेले बरेच इंजिनीअर हल्ली एकच विचारतात, नोकरी न सोडता डॉक्टरेट करता येते का. येते. पण पीएचडी वेगळी आणि बाहेरच्या देशात जिला इंजडी म्हणतात ती प्रोफेशनल डॉक्टरेट वेगळी, आणि आपल्यातल्या बहुतेकांच्या मनात असते दुसरी पण फॉर्म भरतात पहिलीचा, मग दोन वर्षांनी कंटाळतात.

ब्रिटनमध्ये इंजडी 1992 ला सुरू झाली. साधारण चार वर्षांचा कोर्स, आणि त्यातला जवळजवळ पाऊण वेळ कंपनीत. तिथे त्या माणसाला रिसर्च इंजिनीअर म्हणतात. प्रश्न कंपनीचा, एक गाईड युनिव्हर्सिटीचा आणि एक कंपनीतला, सोबत मास्टर्स लेव्हलचे टेक्निकल आणि मॅनेजमेंटचे विषय. पण शेवटी थीसिस द्यावाच लागतो, व्हायवा होतो आणि काम नवीन आहे हे सिद्ध करावं लागतं, म्हणजे पीएचडीपेक्षा सोपी पदवी वगैरे काही नाही, हे मी ठासून सांगतो. नेदरलँड्सचा प्रकार अजून निराळा. मास्टर्स झाल्यावर दोन वर्षं, युनिव्हर्सिटी तुम्हाला पगारी नोकरीवर घेते, आणि संशोधनापेक्षा डिझाईनवर भर असतो, कंपनीसाठी खरंखुरं काहीतरी डिझाईन करून द्यायचं. त्याला आधी पीडीइंज म्हणायचे, सप्टेंबर 2022 पासून तिथेही इंजडी झालं.

आपल्याकडे सरळ मार्ग म्हणजे पार्ट-टाइम पीएचडी, आणि त्याला यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2022 चे नियम लागतात. एमई किंवा एमटेकला 55 टक्के हवेत, किंवा चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असतील तर थेट बीईवरही चालतं (राखीव गटांना 5 टक्के सवलत आहे). मग एंट्रन्स आणि इंटरव्ह्यू. नाशिक पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येतं, त्यामुळे इथले बरेच जण त्यांचीच पेट (पीएचडीची एंट्रन्स टेस्ट) देतात. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिट, मुदत कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, त्यात दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, बायकांना अजून दोन. दर सेमिस्टरला कमिटीसमोर प्रगती दाखवायची. पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती 2022 ला गेली, तरी आपापल्या विद्यापीठाचा नियम बघून घ्या. आणि डिस्टन्स किंवा ऑनलाईन पीएचडी यूजीसीला मान्य नाही, कोणी तशी जाहिरात दाखवली तर तिथूनच परत फिरा.

आता खरा मुद्दा, एनओसी, म्हणजे कंपनीचं ना-हरकत पत्र. पार्ट-टाइमला ते लागतंच आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: शिकायला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं सोडलं जाईल. तिसरी अट वाचली की एचआरचा चेहरा बदलतो. डिस्पॅचच्या शेवटच्या आठवड्यात प्लँट हेड कुणाला सोडणार? म्हणून पेटचा अभ्यास सुरू करायच्या आधी तुमच्या साहेबांशी बोला, आणि बोलताना पदवीची भाषा वापरू नका, माल रिजेक्ट होण्याचा जो प्रॉब्लेम वर्षानुवर्षं सुटत नाहीये तोच मी विषय म्हणून घेतो असं म्हणा. मला मनापासून वाटतं की नाशिकमध्ये असे विषय ढिगाने पडलेत, स्विचगिअर आहे, ऑटो पार्ट्स आहेत, ओझरला विमानं बनतात, आणि त्यातलं कितीतरी ज्ञान माणूस रिटायर झाला की त्याच्याबरोबर घरी जातं. हे कागदावर यायलाच हवं.

आणि कागदावर येणार म्हणूनच एक काळजी घ्या. थीसिस शोधगंगा या ऑनलाईन संग्रहावर जातो, कोणीही उघडून वाचू शकतो. कंपनीचे टेस्ट रिझल्ट, ड्रॉइंग, कस्टमरची नावं, यातलं काय छापायचं, आकडे जसेच्या तसे द्यायचे की रेशोत, आणि पेटंट निघालं तर कोणाच्या नावावर, हे रजिस्ट्रेशनच्या आधी गाईड आणि कंपनी दोघांना समोरासमोर बसवून लेखी घ्या. तोंडी चालणार नाही, कारण चार-पाच वर्षांत साहेब बदलतात आणि नवीन साहेबाला तुमच्या आधीच्या बोलण्यातलं काहीच माहीत नसतं.