आधी गाणं, मग पुस्तक

मंगळवार, रात्री पावणेअकरा

गाणं आणि वाचन दोन्ही एकाच वेळी करायचा माझा अनेक वर्षांचा हट्ट आज सुटला. तेवढं झोपायच्या आत लिहून ठेवते.

संध्याकाळ साधीच होती. आवराआवर साडेआठपर्यंत उरकली. फोन आतल्या खोलीत ठेवून दार लोटून घेतलं. बाबा त्यांच्या खुर्चीत, मी खिडकीशी दिव्याखाली. कुठे जायचं नव्हतं, कुणी यायचं नव्हतं. आठवड्याच्या मधल्या रात्री मला म्हणूनच आवडतात. सुट्टीच्या दिवशी काहीतरी खास घडावं असं मनात असतं आणि त्यातच अर्धा दिवस जातो. मंगळवारकडून कुणाचीच काही अपेक्षा नसते.

बाबांच्या नजरेचा मधला भाग आता पुसट झाला आहे. मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. त्यामुळे चेहरे ओळखणं अवघड झालं आणि वाचन तर सुटलंच. रेकॉर्ड मात्र ते अजून स्वतः लावतात. तबकडी कव्हरमधून काढताना बोटं फक्त कडेला आणि मधल्या लेबलला, खाचांना कधीच नाही. सुईचा दांडा कडेशी नेतात, लिव्हर खाली करतात, आणि सुई हळूच टेकते. मधे एकदा मी मदतीला उठले होते, तर म्हणाले, ‘‘बस गं. हे हातांना दिसतं.’’ तेव्हापासून मी उठत नाही.

आज यमन राग होता. रात्रीचा पहिला प्रहर, म्हणजे त्याचीच वेळ. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू झाला आणि मी कादंबरी उघडली. पहिला परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. चौथ्यांदा वाचला तेव्हा लक्षात आलं, की त्या परिच्छेदात कोण कुणाशी बोलतंय हेही मला सांगता आलं नसतं.

शब्द असलेलं गाणं चालू असताना वाचता येत नाही, हे मला जुनंच ठाऊक आहे. मनात वाचताना आपल्याला एक आतला आवाज ऐकू येत असतो, आणि गाण्यातले शब्द त्याच वाटेने आत शिरतात. पिएर सालामे आणि अ‍ॅलन बॅडली यांनी १९८९ मध्ये याच्या जवळ जाणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना आकड्यांची रांग क्रमाने लक्षात ठेवायला सांगायची आणि मागे संगीत लावायचं. गायलेल्या संगीताने आठवण जास्त बिघडली, नुसत्या वाद्यसंगीताने कमी. त्यांच्या आधीच्या कामात तर असंही दिसलं होतं, की मागे चाललेली भाषा आपल्याला कळत नसली तरी ती त्रास देते. हे वाचल्यापासून मी वाचायला बसताना सतार किंवा बासरी लावत आले, आणि प्रश्न सुटला असं धरून चालले.

पण ख्यालात शब्द असतात कुठे? बंदिशीच्या दोन ओळी, त्याही इतक्या ताणलेल्या की एका अक्षरावर गायक किती वेळ रेंगाळतो. अर्थ केव्हाच विरघळलेला असतो, उरतो तो आकार. म्हणजे माझ्या हिशेबाने तो आड यायला नको होता. तरी आज एक वाक्य पुरं होईना.

कारण बाबांनी दाखवलं, त्यांच्या नकळत. बारा मात्रांचा संथ एकताल चालला होता, एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, जवळजवळ मिनिटभराचं. गायक स्वर लांबवत, वळवत, मुखड्याकडे, बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याकडे, येऊ लागला तसा बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला, आणि समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खाली आला. तोंडातून बारीक ‘हं’. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तसंच. मी पुस्तकावरून नजर काढून त्यांचा हात बघत होते आणि माझाही श्वास समेच्या जरा आधी अडत होता. मला शब्द खेचत नव्हते, सम खेचत होती. पुढे काय येणार हे ठाऊक असतं, केव्हा येणार हेही ठाऊक असतं, आणि तरी ती येईपर्यंत दुसरं काही सुचत नाही. अशा वेळी कादंबरीतल्या माणसांनी कितीही जिवाच्या आकांताने बोलावं, आपण तिथे नसतोच.

मग मी पुस्तक मिटलं आणि दिवाही बंद केला.

त्यानंतरचं ऐकणं वेगळंच होतं. कितीतरी महिन्यांनी तंबोरा नीट ऐकू आला. तारांचा झणत्कार खुलवणारी जवारी चांगली लागली असेल तर चार तारांतून चारापेक्षा कितीतरी जास्त स्वर निघतात. आपण ऐकत राहिलो तर त्यात गंधारही सापडतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. यमनात त्या गंधाराला केवढा मान! गायक निषादावरून रिषभाला स्पर्श करून गंधारावर येऊन थांबला तेव्हा वाटलं, की तो तंबोऱ्यात आधीपासून होता, याने फक्त जाऊन त्याच्याशेजारी बसायचं होतं. तीव्र मध्यम लागला की खोलीचं छत किंचित वर गेल्यासारखं मला लहानपणापासून वाटतं. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आज बाबांना सांगितलं, रेकॉर्ड संपल्यावर. ते म्हणाले, ‘‘मला खिडकी उघडल्यासारखं वाटतं.’’

एका बाजूची बावीसेक मिनिटं. १९४८ मध्ये एलपी आली तेव्हा हीच तिची मोठी नवलाई होती. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची आणि तेवढ्यात गवयाला अख्खा राग उभा करावा लागे. एलपी मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते. मी अंधारात हिशेब केला: बावीस मिनिटांत सातशेतेहेतीस फेऱ्या. आणि त्या सगळ्या फेऱ्यांत खाच एकच, बाहेरून आत जाणारी. सुई तिच्यातून सलग जात राहते, कुठे थांबत नाही, मागे येत नाही.

डोळ्याचं असं नसतं. ओळ वाचताना नजर सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती छोट्या छोट्या उड्या मारते आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकते. शब्द कळतो तो टेकल्यावर. सराईत वाचणाऱ्याच्याही दहातल्या एक-दीड उड्या उलट्या, मागच्या शब्दाकडे असतात. मागे जाऊन खात्री करून घ्यायची सोय पुस्तकात आहे. ते आपल्यासाठी थांबतं. परिच्छेद चार वेळा वाचला तरी रागवत नाही, आठवडाभर खूण घालून ठेवलं तरी जिथे सोडलं तिथेच भेटतं. गाणं थांबत नाही. रेकॉर्ड पुन्हा लावता येते हे खरं, पण पहिल्यांदा ऐकताना समेची जी वाट पाहिली तिच्याकडे परत जाता येत नाही.

इतकी वर्षं मी उलटं करत होते. जे थांबायला तयार आहे त्याच्याकडे डोळे लावायचे आणि जे निघून चाललंय ते मागे वाजत ठेवायचं. गाण्यावर हा अन्याय होता. पुस्तकावरही होताच, पण पुस्तकाला मी नंतर भरून देत होते.

बाजू संपल्यावर दिवा लावला आणि शांततेत वाचलं, चाळीसेक मिनिटं. तोच परिच्छेद पहिल्या झटक्यात कळला. मधेच ध्यानात आलं, की आत कुठेतरी यमन चालू आहे, अगदी बारीक, आणि वाक्यांना त्याचा अडथळा होत नाहीये. बाहेरचं गाणं वाचू देत नव्हतं. आतलं देत होतं.

बाबा गप्प बसून होते. वाचनाची आवड असलेल्या माणसाने समोर कुणी वाचत असताना असं बसणं मला बघवत नाही, आणि आजवर मी ते बघायचं टाळत आले. त्यांना ऐकायची पुस्तकं लावून दिली होती, ती ते ऐकतातही. पण आज मी विचारलं, ‘‘बाबा, मी वाचून दाखवू का? मधूनच आहे, आधीचं थोडक्यात सांगते.’’

‘‘सांगू नकोस. वाच. कळेल मला.’’

मोठ्याने वाचायची सवय गेली होती. मनातला वेग आवाजाला झेपत नाही. इंग्रजी वाचनावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला होता. त्यात मनातल्या मनात माहितीपर मजकूर वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण २३८ शब्द होता आणि मोठ्याने वाचण्याचा १८३. मराठीत आकडे वेगळे असतील, पण फरक घशाला लगेच कळला. पहिल्या पानावर मी वाक्यं गिळत होते. दुसऱ्या पानावर श्वास सापडला. चौथ्या शतकाच्या अखेरीला मिलानचे बिशप अँब्रोज ओठही न हलवता वाचत असत, आणि ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनला ते मुद्दाम लिहून ठेवावंसं वाटलं. मनात वाचणं तेव्हा अगदीच दुर्मीळ नव्हतं असं अभ्यासक आता म्हणतात, पण आवाज काढून वाचणं मात्र सर्रास होतं. ते कसं असेल याचा आज थोडा अंदाज आला. शब्द तोंडातून जाताना त्यांना वजन येतं. लेखकाने स्वल्पविराम कुठे दिला आणि का दिला, हे मला मनात वाचताना कधीच दिसलं नव्हतं.

आणि पुस्तक चालू लागलं, गाण्यासारखं. बाबांना आता मागे बघता येत नाही. माझा आवाज पुढे गेला की वाक्य गेलं. ते डोळे मिटून, मान जरा माझ्याकडे कलती करून ऐकत होते, अगदी ख्याल ऐकतात तसेच. कादंबरीतली म्हातारी बाई रिकाम्या घराला कुलूप लावते, ते वाक्य आलं. लांबलचक वाक्य, क्रियापद अगदी शेवटी. त्या क्रियापदावर बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर टेकला.

‘‘हं,’’ म्हणाले. आणि जरा थांबून, ‘‘ते परत वाच.’’

परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

साडेदहाला थांबलो. रेकॉर्ड त्यांनी कव्हरमध्ये घातली. दुसरी बाजू उद्या. मी पुस्तकात खूण घातली तेव्हा त्यांनी हात पुढे केला. पुस्तक घेतलं, खुणेच्या अलीकडची पानं एका अंगठ्याखाली धरली, पलीकडची दुसऱ्या, आणि जाडी चाचपून पाहिली.

‘‘पुष्कळ आहे अजून,’’ म्हणाले. खुशीत होते.