पाणी जात होतं, ब्रेक सुटत नव्हता

तक्रार नेहमीचीच. धुणं ठीक, पण कपडे निथळतच बाहेर येतात. वॉशिंग मशीन वरून कपडे टाकायचं, फुल्ली ऑटोमॅटिक, बेल्टवर चालणारं, बरंच जुनं. आधी कुणीतरी नवा बेल्ट टाकून तो तारेसारखा ताणून ठेवला होता. टब फिरेना की पहिला संशय बेल्टवरच जातो. पण असा ताण मोटरच्या बेअरिंगवर येतो. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर बेल्ट सेंटिमीटरच्या आतबाहेर दबला की पुरे. तेवढा सैल केला.

रिकाम्या टबावर नुसता स्पिन लावला. कपडे एका बाजूला गोळा होऊन टब हेलपाटतोय का, हा प्रश्न त्यामुळे आपोआप निकाली निघतो. या प्रकारचा टब मिनिटाला साधारण 700 फेरे घेतो. इथे मोटर घुमायची, टब जड अंगाने हलायचा आणि आतली भोकं डोळ्यांनी दिसतील इतकाच वेग धरायचा. पाणी पूर्ण उतरलं होतं. झाकणाचा स्विच गेला असता तर स्पिन सुरूच झाला नसता.

मग मोटरला सुरू होताना जोर देणारा कॅपॅसिटर. प्लग काढला, कॅपॅसिटर डिस्चार्ज केला, एक वायर सोडवली आणि मीटर लावला. वर छापलेलं 12 मायक्रोफॅरड, मीटरवर आठसुद्धा नाही. पाचेक टक्क्यांचा फरक चालतो, हा तर तिसऱ्या हिश्शाने उतरला होता. धुताना कपडे थोडे असले की अशी कमजोरी खपून जाते, पूर्ण टब जागेवरून उचलताना उघडी पडते. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा नवा बसवला. जास्तीचा टाकला की जोर वाढतो असं समजणारे मोटर तापवून ठेवतात. व्होल्टेज मात्र तेवढंच किंवा जास्त चालतं.

टब आता झटक्यात सुटायचा, पण अर्ध्या वेगावरच अडायचा. खालून जळका वास यायला लागला. इथे लगेच गिअरबॉक्सचा खर्च सांगून मोकळं होणारे असतात.

प्लग पुन्हा काढला, मशीन आडवं केलं, टबाला मोटरशी जोडणाऱ्या क्लचची दांडी हाताने पूर्ण ओढून धरली आणि टब फिरवला. मोकळा, अजिबात अडत नव्हता. म्हणजे क्लच आणि ब्रेकचा पट्टा शाबूत. दांडीच पूर्ण ओढली जात नव्हती. पाणी नीट जातंय म्हणून ड्रेन मोटरकडे कुणी बघत नाही. पण तीच मोटर एका ओढीत दोन कामं करते: आधी ड्रेन व्हॉल्व्ह उघडते, मग त्याच ओढीच्या पुढच्या टप्प्यात दांडी खेचून ब्रेक सोडवते. या मशीनमध्ये मधल्या प्लास्टिकच्या कडीचं भोक झिजून लांबट झालं होतं. व्हॉल्व्ह उघडण्यापुरती ओढ उरली होती. ब्रेकचा पट्टा मात्र टब फिरताना घासत राहायचा. जळका वास त्याचाच.

अशा वेळी दांडीचा ॲडजस्टिंग स्क्रू पिळून काम भागवण्याचा मोह होतो. तो जास्त पिळला तर धुताना टबाला मोटरपासून सुटा ठेवणारा खटका नीट बसत नाही, टबही पल्सेटरबरोबर, म्हणजे तळाच्या फिरत्या चकतीबरोबर, फिरायला लागतो, आणि ब्रेकची पकडही ढिली पडते. म्हणून कडीच बदलली, स्क्रूला हात लावला नाही.

मग ओले टॉवेल भरून स्पिन लावला. पूर्ण वेग आल्यावर झाकण उघडलं. टब काही सेकंदांत थांबला, म्हणजे ब्रेकची पकड शिल्लक आहे. वेगात असताना बारीक घरघर मात्र होती. ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगची. मालकांना सांगितलं, टब गच्च भरू नका, आणि घरघर वाढून मशीनखाली गंजाचं पाणी दिसलं तर गिअरबॉक्स बदलावा लागेल.