मोटेच्या विहिरीवरचा गळ

मे महिन्यात सोलापुरात पारा 43-44 ला टेकलेला असतो, तेव्हा मी लोकांना उजनी धरणाच्या फुगवट्यावर घेऊन जातो. काठावर एक रात्र मुक्काम, दोन कॅनू, गळ, आणि पहाटे पाच ते नऊ एवढीच मासेमारी. नऊनंतर ऊन सोसवत नाही, दुपारनंतर वाऱ्याचा भरवसा नाही. सहा उन्हाळे हे काम करतोय. या पाण्याची ओळख पटली आहे, असं मला त्या दिवसापर्यंत मनापासून वाटत होतं.

जुळे सोलापुरातलं एक कुटुंब होतं. वडील, नववीतला मुलगा, आणि ऐन निघताना गाडीत येऊन बसलेले आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ. "आजोबा, आम्ही मासे धरायला चाललोय," मी म्हणालो. "धरा की. मला पाणी बघायचंय," एवढंच ते बोलले. मुक्काम करमाळ्याच्या बाजूला आहे हे त्यांनी मुलाकडून आधीच काढून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

पहाटे मी मुलाला पुढे बसवलं आणि मागचं वल्हं स्वतःकडे ठेवलं. कॅनूत मागच्याने प्रत्येक हाताच्या शेवटी वल्ह्याचं पातं थोडं बाहेर ढकलायचं असतं, नाहीतर नाव एकाच बाजूला वळत राहते. पोराने ते पाहूनच उचललं. दुसऱ्या कॅनूत त्याचे वडील आणि आमचे भोई मामा. गांडूळ लावलं, कणीक लावली, तीन जागा बदलल्या. नऊपर्यंत चार बोटांच्या दोन चिलापी, त्याही सोडून दिल्या.

काठाला आलो तर आजोबा उपरण्याने डोकं झाकून उभे. "तिथं कशाला बसला होता? ते आमचं जोंधळ्याचं रान. नुसतं सपाट. मासा उन्हाचा सपाटीला कशाला थांबल? विहिरीपाशी बघा."

भोई मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा जन्मच धरणानंतरचा. 1980 साली धरण पूर्ण झालं, आणि पाणी चढण्याआधी भीमेकाठची गावं उठून वर गेली. आजोबांचं घर त्यातलंच. तिशीत ते सोलापूरला आले आणि निवृत्त होईपर्यंत चादरीच्या कारखान्यात राहिले.

उजनीचा हिशेब वेगळा आहे. सगळं मिळून 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेलं तळाचं पाणी. आपण पेपरात 'धरण मायनसमध्ये' वाचतो तेव्हा या मृतसाठ्याला हात लागलेला असतो. 2024 ला ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. मग पळसदेवच्या जुन्या देवळासारखी बांधकामं पाण्याबाहेर येतात, आणि लोक ती बघायला जातात. ज्या गावांना उंच शिखर नव्हतं त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आजोबांचं गाव तसलं.

त्यांना लाईफ जॅकेट घातलं आणि कॅनूच्या मधोमध तळाला बसवलं. वजन खाली राहिलं की नाव डोलत नाही. ते हाताने खुणा करत होते. मागे टेकाडावरचं लिंबाचं झाड आणि पलीकडे वीटभट्टीचं धुराडं. "धुराडं नवं हाय, पण त्याच्यामागचा माळ जुना. माळाचा कोपरा लिंबाच्या सरळ येऊ द्या. अजून. अजून जरा. हां."

मी दोरीला दगड बांधून सोडला. नऊ हात. नाव दोन वाव पुढे घेतली, पुन्हा नऊ हात. आजोबा म्हणाले, "डाव्या अंगाला." दगड सोडला तर दोरी जातच राहिली. पंधरा, वीस, बावीस हात. माझ्या अंगावर काटा आला. या पाण्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. खाली दगडी बांधणीची, चार परसांची, म्हणजे चार पुरुषभर खोल, मोटेची विहीर उभी होती आणि मला पत्ताच नव्हता.

"दोरी माझ्याकडं द्या." त्यांनी ती दोन बोटांत धरली, वरखाली केली, दगड कडेला टेकवून पाहिला. "ही धाव. बैल हितनं उतरायचे." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

गळ कडेशी सोडले. वाम माशाला दगडांच्या फटी लागतात, आणि इथे तर पूर्ण गोलाईभर फटी. पहिली वाम पोराच्याच गळाला लागली, हातभर लांब, दोरीला पीळ घालणारी. शिवाय पाच चांगल्या चिलापी. आजोबांनी माशाकडे पाहिलं नाही, नातवाकडे पाहत होते.

दुपारी चिलारीच्या सावलीत मासे शिजले. त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात पिठलं. जेवताना म्हणाले, "चाळीस वर्षं सोलापुरात नळाचं पाणी प्यालो. पाइपलाइन उजनीवरनंच येती की. माझ्याच विहिरीवरचं पाणी, चार दिसाआड."

संध्याकाळी पलीकडे जाऊन जुना घाट शोधायचा, असा पोराचा हट्ट होता. चार वाजता नैर्ऋत्येला ढग काळा पडला आणि पाण्यावरची झुळूक एकदम थांबली. मी कॅनू उलट्या करून बांधल्या. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून या काठावर मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ नाही म्हणतो. पोरगं रुसलं. पाऊण तासात वळीव आला, आणि जिथून आम्ही निघणार होतो तिथे पाण्यावर पांढरे फेसाळ पट्टे उठले. आजोबा टेंटच्या दोऱ्या धरून बसले होते.

आता माझ्या वहीत लिंबाचं झाड, माळाचा कोपरा आणि 22 हात असं लिहिलेलं आहे. परवा त्यांचा फोन आला. त्यांच्या गावचे आणखी एक जण बार्शीला मुलाकडे असतात, वय ब्याऐंशी. घाट त्यांना माहीत आहे, देवळाचा ओटाही. पाऊस लागायच्या आत मी त्यांना आणायला जाणार आहे.