मागच्या ॲक्सलची कटकट एकदाची संपली

मंडळी, माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या चाकाचा आवाज बंद झाला! पारसिक टेकडीवरून बेलापूरला उतरताना रीजन (मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी भरणं) पूर्ण लावलं, मध्येच सोडलं, पुन्हा लावलं. मागच्या चाकातून हूं नाही की चूं नाही. वर थांबून अजून एकदा उतरलो, निव्वळ ती शांतता ऐकायला.

दुखणं जुनंच. मोटर ओढत असताना सगळं ठीक, रीजन सुरू झालं की मागे 'कटक', आणि घरी येईपर्यंत नट सैल. बहुतेक गिअर्ड हबवाल्यांना (चाकातल्या मोटरला गिअर असलेल्यांना) हा ताप नाही, कारण आतल्या क्लचमुळे त्यांना रीजनच मिळत नाही. माझ्यासारख्या डायरेक्ट ड्राइव्हमध्ये (गिअर-क्लच नसलेल्या हब मोटरमध्ये) मोटर जोर लावते तेव्हा ॲक्सल मागे फिरू बघतो, रीजनला पुढे. ॲक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचेत (ड्रॉपआउट) केसभर फट असली तरी तो दर ब्रेकला हलतो आणि नट सुटत जातो. चाक काढलं तर ॲक्सलच्या चपट्या बाजूंच्या कडा घासून चकचकीत झालेल्या, आणि ड्रॉपआउटमध्ये काळपट भुकटी. ती भुकटी म्हणजे माझ्या फ्रेमचं ॲल्युमिनियम. पोटात गोळाच आला.

थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा गोंद), टॅबवाले वॉशर, लांब पाना, सगळं करून झालं होतं. ऑनलाइन मागवलेल्या टॉर्क आर्मची (ॲक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला बांधायच्या पट्टीची) खाच १० मिमी सांगितलेली, कॅलिपर लावला तर १०.३. नुसती मोटर चालवायची तर चालेल. रीजन करणाऱ्याने असले आर्म घेऊच नयेत.

शेवटी ठाणे लोकल पकडून वागळे इस्टेटमधल्या एका वायरकटवाल्या (विजेच्या तारेने धातू अचूक कापणाऱ्या) काकांकडे गेलो. "मापं नको सांगू, ॲक्सल ठेव इथे," म्हणाले. मायक्रोमीटरवर भरला ९.९६. त्यांनी ६ मिमी स्टीलमध्ये त्याच मापाची खाच कापली, बाजूला चीर दिली आणि ती आवळायला आडवा बोल्ट. असा एकेक आर्म दोन्ही बाजूंना. बोल्ट पिळला की ॲक्सल चिमट्यात धरल्यासारखा गच्च. लेझरपेक्षा महाग पडलं, पण पैसा वसूल.

आता रीजनवर भरवसा ठेवता येतो म्हणून हिशेब मांडला. सायकल, मी, बॅटरी मिळून १०० किलो. ताशी ३० किमीवरून थांबलो तर गतिज ऊर्जा ३,४७० ज्यूल, म्हणजे १ वॅट-तासही नाही. १०० मीटर उतरलो तर २७ वॅट-तास, तेही वारा, टायर आणि मोटरचा वाटा जायच्या आधी. उलट त्याच वेगाला सीडीए (हवेच्या अडथळ्याचं माप) ०.४० वरून ०.३२ वर आणला तर साधारण २७ वॅट वाचतात, सपाट पाम बीच रोडवर, अखंड.

म्हणजे ब्रेकची ऊर्जा साठवायला सुपरकपॅसिटर (झटपट भरणारे, झटपट रिकामे होणारे) लावायचा माझा बेत रद्द. बॅटरीला समांतर जोडले तर व्होल्टेज बॅटरीच धरून ठेवते, ते भरणार किती? वेगळा कन्व्हर्टर लावायचा तर दर सिग्नलला मिळणाऱ्या चिमूटभर ऊर्जेसाठी ते वजन कोण वाहणार? तो पैसा आता शेपटीला, म्हणजे हवेचा अडथळा कमी करायला मागे लावायच्या निमुळत्या खोक्याला.

सनपॅकची (बोर्डांना वापरतात त्या पोकळ प्लास्टिक शीटची) पहिली टेल बॉक्स कॅरिअरवर बसलीय. लोकरीचे धागे चिकटवून मित्राला मागून व्हिडिओ काढायला लावला: बाजूचे धागे सपाट, टोकाकडचे मात्र उलटे फडफडतात. उतार फार झटकन दिलाय, हवा तिथेच सुटते. शेपटी लांबवावी लागणार, मग खालून आधारही हवा. आणि हे लिहितानाच सुचलं, नव्या टॉर्क आर्मला एक जादा भोक पाडलं तर तो आधार तिथूनच घेता येईल! काकांकडे पुन्हा फेरी आलीच.

४ मिमी सनपॅकची अख्खी शीट वाशी-तुर्भ्यात सुटी कुठे मिळते? बोर्डवाले तुकडेच देतात.