तुम्ही विचारलंत म्हणून: देवाचं नाव आलं की बोलायचं कुठपर्यंत?

कोर्टाबाहेर चहाला उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच, वकीलसाहेब, निषेध करताना लोकांच्या देवाधर्माला लागेल असं बोलायची सूट आहे का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, पण हो-नाहीत भागणारं नाही हे.

मागं एक कॉलेजचं पोरगं आलं होतं. मिरवणुकीतल्या डीजेला वैतागून स्टेटस टाकलेलं, त्यात देवालाच कानात बोळे घाल म्हणून सांगितलेलं. झालं, रात्री दारात माणसंच माणसं. तक्रारीला जोडलेली स्क्रीनशॉटची झेरॉक्स इतकी काळी की मजकूर वाचता येईना, स्क्रीनशॉट काढणाऱ्याची बॅटरी 12 टक्के उरली होती तेवढं मात्र स्पष्ट. पोरगं म्हणतंय, "काका, देवाला कुठं बोललो, डीजेला बोललो की ओ."

धर्माचा अपमान केल्याचं जे कलम लागतं ते आधी दंड संहितेत 295 अ होतं, आता न्याय संहितेत 299, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. पण नुसतं कोणाला लागलं एवढ्यानं भागत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं अपमान केलेला पाहिजे, सुप्रीम कोर्टानं 1957 लाच सांगून ठेवलंय. हे कलम आलं 1927 मध्ये, लाहोरच्या एका पुस्तिकेवरून पेटलं त्यानंतर. आणि गंमत बघा, त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळली. तेव्हा काय कमी लोकांना लागलं असेल? ज्याला लागलं त्याचंच खरं धरायचं तर महाड झालंच नसतं.

आता उलटं बघा. 2012 ला मॉस्कोच्या मोठ्या चर्चमध्ये पुसी रायट या रशियातल्या निषेधाची गाणी म्हणणाऱ्या गटाच्या बायका वेदीपुढं जाऊन नाचल्या, देवमाते, पुतिनला घालव म्हणून. मला नाही पटलं. लहानपणापासून सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेला नंदीध्वजांमागं चालतोय मी, सिद्धरामेश्वरांच्या गाभाऱ्यापुढं कोणी असलं केलं तर माझंही डोकं फिरेल. बाहेर काढा, दंड ठोका. पण तिघींना 2 वर्षं जेल? 2018 ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं पण रशियालाच चूक ठरवलं. दुसऱ्याच्या पूजेत घुसू नका, कोणाला मारा म्हणून माणसं उठवू नका, एवढं सोडून रस्त्यावर, भिंतीवर, आपल्या स्टेटसवर काय टोचायचं ते टोचा, असं माझं तरी मत.

त्या पोराला हे सगळं समजावलं, केसमध्ये दम नाही म्हणालो. त्यानं मान डोलावली. आता त्याच्या स्टेटसला नुसता बाईकचा फोटो असतो.