दुधातल्या गुठळ्या
आज अमळनेरजवळ कासदाहाची, म्हणजे जंतूंमुळे कास सुजलेली, गाय तपासली. मावशी म्हणाल्या, "भाऊ, कासले हात लावू देत नही." मागचं उजवं सड गरम, दूध पातळ, त्यात पांढऱ्या गुठळ्या. ते पॅडलमध्ये, म्हणजे तपासणीच्या खळग्यांच्या तबकडीत घेतलं, तपासणीचं द्रावण टाकून फिरवलं, तर लगेच शेंबडासारखं घट्ट झालं.

हा चिकटपणा द्रावणाने फुटलेल्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएचा. निरोगी सडाच्या १ मिलिलिटर दुधात अशा पेशी साधारण २ लाखांच्या आत. आजारात कित्येक लाख, त्यातल्या बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्तातून निघून कासेत येतात. जंतूच्या भिंतीवरचे ठरावीक रेणू त्यांना ओळखू येतात, आणि प्रतिपिंडं जंतूला चिकटलेली असली की पकड पक्की बसते. मग त्याला वेढून गिळायचं, आत विकरांनी मारायचं.

वाईट याचं वाटतं की दुधात त्या स्निग्धाचे कण आणि केसीन हे दुधातलं प्रथिनही गिळतात, त्यामुळे जंतूंसाठी ताकद कमी उरते. तरीही लढतात बिचाऱ्या!

औषध सुरू केलंय. मावशींना सांगितलं, धार काढली की सड जंतुनाशकात बुडवा, लगेच वैरण टाका, गाय अर्धा-एक तास उभी राहू द्या. तोवर सडाचं तोंड मिटतं.